वजन उतरवायला डॉक्टरकडे जायचं म्हणजे नक्की कोणाकडे?

अबोली७९

२०२५ च्या दिवाळीनंतर बँकेतली वार्षिक तपासणी झाली आणि रिपोर्ट हातात पडले. उंची १५८ सेंमी, वजन ८४ किलो, कंबर १०४ सेंमी. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.२, बीपी १३८/८८, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २. गुडघ्यांची कुरकुर आधीपासूनच आहे. वय ४६, पाळीचं वेळापत्रक कोलमडायला लागलंय, थायरॉईडची गोळी पंचविशीपासून चालू.

'दीक्षित की दिवेकर' यावर इथे ढिगाने धागे निघालेत, तो वाद कृपया इथे आणू नका. माझं दोन्ही करून झालंय. दोन्हींनी वजन उतरलं आणि नंतर व्याजासकट परत आलं. आता रीतसर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काय ते करायचं आहे. पण जायचं कोणाकडे? फॅमिली डॉक्टर म्हणाले, "भात कमी करा, चालत जा." एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर), आहारतज्ज्ञ, की थेट वजनासाठी पोटाचं ऑपरेशन करणारे बेरिअ‍ॅट्रिक सर्जन? पहिल्या भेटीत काय विचारतात? भूक कमी करून वजन उतरवणारी ती इंजेक्शनं खरंच देतात का, खर्च किती, बंद केल्यावर काय होतं?

घरी विषय काढला तर नवरा म्हणाला, "डॉक्टर काय तुझ्या तोंडाला कुलूप लावणार आहे?" त्यामुळे इथे विचारतेय. मी नाशिकला असते, गरज पडली तर मुंबई-पुण्याला जायची तयारी आहे. अनुभव सांगा, जाहिराती नकोत.

काकाकोथरूड

ताई, राग मानू नका, स्पष्ट बोलतो. साखर, मैदा, तळण बंद. संध्याकाळी सातच्या आत जेवण. रोज पर्वती चढा. फुकटात काम होतं. इंजेक्शनांच्या नादाने कंपन्यांचं उखळ तेवढं पांढरं होतंय.

चाफेकळी

काका, गुडघे दुखणाऱ्या बाईला पर्वती चढायला सांगताय? :)

अबोलीताई, मी पुण्यातच एका एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जाते. उन्हाळ्यात टिर्झेपॅटाइडचं इंजेक्शन सुरू केलं, माउंजारो नावाने मिळतं ते. ९१ किलोवरून सध्या ७९ वर आहे. जादू वगैरे काही नाही. पहिले दोन महिने इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मळमळ ठरलेली. त्यात एकदा ऑफिसच्या लोकांबरोबर मिसळ खाल्ली, मग संध्याकाळपर्यंत मी आणि बेसिन. बद्धकोष्ठ अजून आहे, रात्री इसबगोल घेते.

फरक कसा जाणवतो ते सांगते. आधी जेवता जेवता डोक्यात पुढचं जेवण चालू असायचं. दुपारी चार वाजले की ड्रॉवरमधली भाकरवडी हाका मारायची. आता ती पाकिटं मऊ पडेपर्यंत तशीच राहतात. चुलतबहिणीच्या लग्नाच्या पंगतीत अर्ध्या जेवणातच पोट भरलं, आणि मावशीने "डोहाळे लागले की काय!" म्हणून सगळ्यांसमोर विचारलं. औषधाच्या माहितीपत्रकात हा दुष्परिणाम नाही.

स्टेथोवाला

मी एमडी मेडिसिन आहे, एका जिल्ह्याच्या गावात प्रॅक्टिस करतो. इथे बसून कोणाला औषध सांगणार नाही, पण अबोलीताईंच्या प्रश्नांची उत्तरं देता येतील.

कोणाकडे जायचं? वजनाच्या कामात रस असलेला एमडी फिजिशियन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट. सर्जनकडे नंतरही जाता येतं. पाटीपेक्षा पहिल्या भेटीत तो किती वेळ देतो ते बघा. अर्धा तास नुसते प्रश्न विचारणारा डॉक्टर चांगला. पाच मिनिटांत इंजेक्शनचं पेन लिहून देणारा नको, आणि पाच मिनिटांत "चाला" म्हणून कटवणाराही नको.

प्रश्न साधारण असे असतात: वजन कधीपासून वाढलं, लग्नानंतर, बाळंतपणानंतर, की एखादं औषध सुरू झाल्यावर? स्टेरॉइड, मानसिक आजारावरची काही औषधं, फिटवरचं व्हॅल्प्रोएट, मधुमेहातलं इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या यांनी वजन वाढतं. कित्येकदा नुसतं औषध बदलून निम्मं काम होतं. झोप कशी आहे, घोरता का, दिवसा डुलक्या येतात का? रात्री एकट्याने, पोट भरलेलं असताना, थांबता न येता खाणं होतं का? हा शेवटचा प्रश्न विचारला तर लाजू नका, तो वेगळा आजार असतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

मग तपासणी. मानेवर काळसर जाड कातडी आहे का ते बघतात, ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण. कंबर टेपने मोजतात, आपल्या लोकांत बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंमीच्या पुढे धोका धरतात. आणि एक बारीक गोष्ट, जी बहुतेक कॅम्पमध्ये होत नाही: दंड जाड असेल तर बीपीचा पट्टा मोठा लागतो. नेहमीचा पट्टा जाड दंडावर आवळला की बीपी खोटं जास्त दिसतं. ताई, तुमचं १३८/८८ कुठल्या पट्ट्याने मोजलं विचारा.

रक्तात एचबीए१सी, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), लिव्हर, किडनी, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी१२. थायरॉईडची गोळी चालू आहे आणि टीएसएच जागेवर आहे, तर ८४ किलोचा दोष थायरॉईडवर घालता येत नाही. नुसत्या थायरॉईडने सहसा थोडेच किलो वाढतात. उलट वजन उतरल्यावर त्या गोळीचा डोस कधी कमी करावा लागतो.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३३.६ येतो. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण कमी वजनातच आपल्या पोटात आणि लिव्हरमध्ये चरबी साठते. पण घाबरवायला हे सांगत नाही. ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी साखर, बीपी सुधारतात, १० टक्क्यांच्या आसपास लिव्हरची सूजही निवळायला लागते. तुमच्या बाबतीत हे चार ते आठ किलो. कॉलेजातल्या फोटोइतकं बारीक व्हायची गरज नाही.

काकाकोथरूड

डॉक्टर, तुम्ही सविस्तर लिहिलंत, आदर आहे. पण माणूस कमी खाईल तर बारीक होईल, हे गणित बदललं का? नाझींच्या छळछावण्यांमध्ये कोणी जाड नव्हतं.

स्टेथोवाला

गणित तेच आहे काका, पण शरीर दुसऱ्या बाजूने आकडे बदलत राहतं. ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. लोकांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवून वजन उतरवलं. एक वर्ष उलटलं तरी त्यांच्या रक्तात भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं आणि पोट भरल्याचं सांगणारे हार्मोन उतरलेलेच होते. म्हणजे वर्षभरानंतरही शरीर "खा, खा" म्हणतच होतं. जिद्द दहा आठवडे पुरते हो. पुढची दहा वर्षं रोज भुकेशी कुस्ती खेळायला कोणाची पुरते?

छावणीचं उदाहरण राहू द्या. तिथल्या उपासमारीला कोणी उपचार म्हणत नाही.

कांदापोहे_डोंबिवली

अबोली, एक इशारा. 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली' असं पाटीवर लिहिलेलं प्रत्येक दुकान दवाखाना नसतं. आमच्याकडच्या एका स्लिमिंग सेंटरमध्ये मी ४५ हजारांचं पॅकेज घेतलं होतं. डॉक्टर म्हणून ज्या बाई भेटल्या त्या पहिल्या दिवसानंतर दिसल्याच नाहीत. मग गरम पट्टे, थरथरणारं मशीन आणि 'इंच लॉस'. टेप लावणारी मुलगी रोज वेगळ्या जागी टेप लावायची, त्यामुळे इंच रोज कमी! पैसे परत मागितले तेव्हा सही केलेल्या कागदावरची बारीक अक्षरं दाखवली.

स्टेथोवाला

'हमखास इतके किलो' असं कोणी लिहून देत असेल तर तिथूनच मागे फिरा. १९५४ चा औषध आणि जादूटोणा उपाय कायदा आहे, त्याच्या यादीत लठ्ठपणाही आहे. हे औषध तो बरा करतं अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. कायदा आहे म्हणून जाहिराती थांबल्यात असं अर्थात नाही.

जिममधून किंवा कुरिअरने येणारी बिनपावतीची इंजेक्शनं आणि 'हर्बल' कॅप्सूल यांपासूनही लांब राहा. सिब्युट्रामिन नावाच्या गोळीने हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून आपल्याकडे २०११ मध्ये तिच्यावर बंदी आली, पण परदेशांत 'आयुर्वेदिक' डब्यांमध्ये ती पुन्हा पुन्हा सापडली आहे.

थेम्सकाठी

इंग्लंडहून लिहितोय. इथे जून २०२५ पासून एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) जीपीमार्फत, म्हणजे फॅमिली डॉक्टरमार्फत, माउंजारो द्यायला सुरुवात झाली, पण पहिल्या टप्प्यात बीएमआय ४० च्या वर आणि सोबत मधुमेह, बीपी, स्लीप अ‍ॅप्नियासारखे (म्हणजे झोपेत श्वास अडकण्यासारखे) किमान चार आजार असतील तरच. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना ही अट ३७.५ ची होती. म्हणजे कातडीच्या रंगाचा एवढाच फायदा. बाकीचे लोक ऑनलाइन फार्मसीतून स्वतःच्या पैशाने घेतात. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने इथली किंमत वाढवली, सर्वांत मोठ्या डोसची यादीतली किंमत १२२ पौंडांवरून ३३० झाली. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या आठवड्यात गणपतीच्या वर्गणीपेक्षा पेनांची चर्चा जास्त.

त्यामुळे भारतात गेलो की चार पेनं घेऊन येतो म्हणणारे पुष्कळ. डॉक्टरसाहेब, यावर काही बोला.

स्टेथोवाला

पेन आणता येईल, देखरेख कशी आणणार? डोस दर चार आठवड्यांनी एकेक पायरी वाढवायचा असतो. टिर्झेपॅटाइडची सुरुवात २.५ मिग्रॅने, आणि तो डोस पोटाला सवय लागावी म्हणून असतो, वजन उतरवायला नाही. वाढवायचा की तिथेच थांबायचं, हे समोर बसलेल्या माणसाला बघून ठरतं. पोटात वरच्या बाजूला जोराचं दुखून पाठीत कळ गेली आणि उलट्या थांबेनात, तर तो स्वादुपिंडाचा किंवा पित्ताशयाचा मामला असू शकतो, तेव्हा त्याच रात्री दवाखाना गाठायचा. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताचे खडे होण्याची शक्यता वाढते, मग ते इंजेक्शनने उतरो की उपासाने.

अबोलीताई, तुमच्यासाठी दोन गोष्टी. थायरॉईड कमी असणं ही या औषधाला अडचण नाही. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉईडचा कॅन्सर झाला असेल तर मात्र हे औषध देत नाहीत, ते आठवून सांगा. आणि पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं समजू नका. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. टिर्झेपॅटाइडने गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होतो, सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर चार-चार आठवडे दुसरा उपाय लागतो.

चाफेकळी, पेन घेता की वायल (औषधाची छोटी बाटली)? वायलमध्ये चुका होताना मी बघितल्या आहेत.

चाफेकळी

आधी वायल होती, पेन तेव्हा आलेलं नव्हतं. इन्सुलिनच्या सिरिंजने घ्यायचं. आमच्या मेडिकलवाल्याने एकदा दुसरीच सिरिंज दिली आणि रेघा मोजताना डोकं फिरलं.

स्टेथोवाला

नेमकं हेच. वायलमध्ये अर्धा मिलि औषध असतं, तो एका आठवड्याचा पूर्ण डोस. आपल्याकडे लाल टोपणाची यू-४० सिरिंज मिळते, तिच्यावर अर्धा मिलि म्हणजे २० ची रेघ. नारिंगी टोपणाच्या यू-१०० वर तेच ५० च्या रेघेला येतं. डॉक्टरांनी "वीसपर्यंत भरा" सांगितलं आणि हातात यू-१०० असेल तर निम्म्याहून कमी औषध जातं. पहिलं इंजेक्शन दवाखान्यात नर्ससमोर स्वतः टोचून बघा.

बाबूराव_ऐरोली

सर्जरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. वजन १३१, बीएमआय ४३, मधुमेह, रात्री नाकाला मशीन. माझी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायची सर्जरी, झाली आहे. आधी फिजिशियन, आहारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ सगळ्यांकडे पाठवलं. शेवटचं नाव ऐकून मी उखडलो होतो. पण त्या बाईंनी "ताण आला की काय करता?" एवढंच विचारलं आणि मी वडापावपासून सुरू करून बराच वेळ बोलत बसलो. ऑपरेशनआधी काही दिवस पातळ पदार्थांवर ठेवतात, लिव्हर आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. त्यानंतर बी१२, लोह, कॅल्शियम कायमचं. ते टाळून चालत नाही, माझ्या ओळखीचा एकजण टाळून हातापायांना मुंग्या घेऊन बसलाय.

विम्याचं: पॉलिसीत 'लठ्ठपणा / वजन नियंत्रण' असं कलम असतं, कोड एक्सक्ल ०६. वाचायला वगळणूक वाटते, पण नीट वाचा. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ आणि सोबत हृदयाचा आजार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, आणि आधी बाकीचे उपाय करून फसलेले, असं असेल तर सर्जरी मिळते. म्हणून आधीच्या प्रत्येक डॉक्टरचा कागद जपून ठेवा. क्लेमवाले तेच मागतात. इंजेक्शनांचे पैसे मात्र माझ्या विम्याने दिले नसते, विचारून बघितलं होतं.

गुळपोळी

मी आहारतज्ज्ञ आहे. इंजेक्शन घेणाऱ्यांत मला सगळ्यात जास्त काय दिसतं? भूक गेली म्हणून बायका दोन बिस्किटं आणि चहावर दिवस काढतात. वजन उतरतं, पण त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. मग जिना चढताना पाय थरथरतात, केस गळतात आणि दोष औषधाला.

पानात आधी प्रथिनं घ्या. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. अबोलीताई, तुम्हाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत पोहोचायचं आहे, आणि नुसत्या पोळी-भाजी-आमटीत ते होत नाही. मुगाचं घावन, हरभऱ्याची उसळ, सोयाबीनच्या वड्या, दही, खात असाल तर मासे. साबुदाण्याची खिचडी हा उपास नव्हे, दाण्याचं कूट वगळलं तर प्रथिनांच्या नावाने शून्य. श्रावण लागला की माझे निम्मे पेशंट्स वजन वाढवून येतात!

आणि गुडघे दुखत असले तरी खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर काढणं हे जमतं. फिजिओकडून शिकून घ्या.

काकाकोथरूड

एका प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. हे इंजेक्शन जन्मभर घ्यायचं का?

स्टेथोवाला

काका, हा खरा प्रश्न आहे. सेमाग्लुटाइड हे याच जातीचं दुसरं इंजेक्शन, त्याच्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, नुसतं पाणी टोचलेल्या गटात अडीच टक्क्यांच्या आत. औषध थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. त्यामुळे "सहा महिने घ्या आणि सोडा" असं सांगणारा तुम्हाला अर्धंच सांगतोय. बीपीची गोळी थांबवली की बीपी चढतं, तेव्हा आपण गोळीला नावं ठेवत नाही. काहींना कमी डोसवर टिकवता येतं, काहींना नाही. सुरू करण्याआधी हे बोलून घ्या, आणि दोन वर्षांचा खर्च वहीवर मांडा.

माउंजारोची वायल मार्च २०२५ मध्ये आली तेव्हा २.५ मिग्रॅला ३,५००, ५ मिग्रॅला ४,३७५ रुपये होते, म्हणजे महिन्याला १४ ते साडेसतरा हजार. वेगोवी, म्हणजे सेमाग्लुटाइड, जून २०२५ मध्ये आलं, तेव्हा सुरुवातीचा डोस महिन्याला सतरा हजारांच्या वर होता, नोव्हेंबरमध्ये कंपनीने भाव खाली आणला. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यानंतर आपल्या कंपन्यांना ते बनवता येतं.

काकाकोथरूड

म्हणजे जन्मभर. मला नाही पटत. पण लपवलं नाहीत, आभार.

अबोली७९

सगळ्यांचे आभार. नाशिकमध्येच एका फिजिशियनकडे जाऊन आले. स्टेथोवाला यांची यादी मोबाईलवर काढून बसले होते, ते बघून डॉक्टर म्हणाले, "तुम्ही माझी परीक्षा घ्यायला आलात की काय?" मोठा पट्टा त्यांनी स्वतःहून काढला, बीपी १२८/८२ निघालं. नवऱ्याला बाहेरून आत बोलावून विचारलं, "या घोरतात का? मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का?" आणि तो, घरी कुलपाच्या गप्पा मारणारा, गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "हो, होतो. मी हलवून उठवतो." वीस वर्षांत हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं! आता आधी झोपेची तपासणी, मग औषधाचं ठरेल. आहारतज्ज्ञ बाईंनी नाश्त्याचे पोहे आठवड्यातून एकदाच ठेवलेत, तेही मटार घालून.

माझा हिशोब असा की पगारात महिन्याला १५ हजार झेपत नाहीत. मार्च २०२६ पर्यंत थांबलं तर चालेल का?

स्टेथोवाला

भाव उतरतील, पण किती ते आज कोणी सांगू शकत नाही. औषधासाठी थांबा, कामासाठी थांबू नका. प्रथिनं, ताकदीचा व्यायाम, झोपेचा इलाज आत्ता सुरू झाला तर मार्चपर्यंत पहिले तीन-चार किलो औषधाविना उतरू शकतात. साखरेसाठी मेटफॉर्मिन हवं का, हेही तुमच्या डॉक्टरांना विचारा. ती गोळी स्वस्त आहे, वजनावर तिचा परिणाम मात्र किरकोळ. तीन महिन्यांनी एचबीए१सी आणि कंबर दोन्ही पुन्हा मोजा.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरसाहेब, आमच्या बायकोले पेन लिहून देल्लं हाय. आम्ही नागपूरले राह्यतो. मे महिन्यात लाइट गेली का घर भट्टीवानी तापते. चार तास फ्रीज बंद राह्यला तं इंजेक्शन गेलं का कामातून?

स्टेथोवाला

भाऊ, दार उघडलं नाही तर चार तासांत फ्रीज एवढा तापत नाही. कंपनीच्या सूचनेप्रमाणे २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरायला काढलेलं टिर्झेपॅटाइडचं पेन ३० अंशांपर्यंत फ्रीजबाहेर ३० दिवस चालतं, पण तुमच्या मे महिन्यात ३० अंश सकाळीच ओलांडलेले असतात, त्यामुळे बाहेर ठेवायचं नाव काढू नका. फ्रीजच्या दारात नको, दर वेळी गरम हवा लागते. मागच्या भिंतीला चिकटूनही नको, तिथे गोठतं, आणि एकदा गोठलेलं पेन वितळलं तरी टाकून द्यायचं. मधल्या कप्प्यात, खोक्यासकट ठेवा. लाइट जास्त वेळ गेली तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी आणि पेन यांच्या मध्ये टॉवेल घाला.